कॅरॅमल, पण फार नाही

वुडस्टॉकच्या स्टुडिओत सकाळी सातला
हॅम्बुर्गहून आलेला कागद चार्लटननं हाती दिला:
वाच, आणि त्या बेतानं रंग लाव.

कातडी कॅरॅमलसारखी, पण फार नाही.
दूध जास्त घातलेली कॉफी चालेल.
केस नैसर्गिक, पण आवरलेले.
नाक, आणि पुढे नुसतीच तीन टिंबं.
आफ्रिकी वाटावी,
पण आफ्रिकी-आफ्रिकी नको.
दुरून आलेली दिसावी, परकी वाटू नये.

वीस वर्षं चेहरे रंगवतेय मी.
हा कागद एखाद्या खानावळीत दिला असता
तर वेटरनं विचारलं असतं,
इथंच खाणार, की बांधून देऊ?

खुर्चीत सिसांडा.
खायेलित्शाहून दोन टॅक्स्या बदलून आलेली,
चपला काढून पाय खुर्चीच्या दांडीवर.
"काय हवंय त्यांना?" आरशातून विचारलं तिनं.
मी वाचून दाखवलं.
"एक ओळ गाळलीस."
"कशावरून?"
"श्वास अडखळला तुझा तिथं."

मग तीही वाचली.
ती पायाचा अंगठा हलवत ऐकत होती.
"मागच्या खेपेला मी मध होते.
त्याआधी जळका साखरपाक.
एका बाईनं तर लिहिलं होतं, वाघीण.
आणि मला मांजरांचीसुद्धा ॲलर्जी..."
वाक्य पुरं व्हायच्या आत हसायला लागली.

माझ्या पेटीत फिक्या बाटल्यांची नावं
हस्तिदंत, चिनी माती, मोती.
गडद बाजूला सगळं स्वयंपाकघराचं फडताळ:
दालचिनी, कोको, अक्रोड, काकवी.
एक बाजू कपाटात जपायची,
दुसरी चावून संपवायची.
सिसांडाच्या रंगाची बाटलीच नाही.
तीन मिसळून मी तो तळहातावर करते
आणि त्याला नाव देत नाही.

भुवया रेखताना फोन वाजला.
हात मोकळा हवा म्हणून पेन्सिल
तिच्या केसांत खोचली,
सुतार कानावर ठेवतो तशी.
आणि हात तिथंच थबकला.

आमच्या घरात केसांत पेन्सिल खोचत नाहीत.
माझी आई आणि मर्ल मावशी, सख्ख्या बहिणी,
एकाच फणीनं विंचरलेल्या,
एका साहेबासमोर उभ्या राहिल्या होत्या.
साहेबानं केसांत पेन्सिल घातली, म्हणाला, मान हलव.
मावशीची पडली.
आईची राहिली.
मावशी समुद्राकडच्या घरात राहिली,
आई वाळूतल्या वस्तीत गेली,
आणि पुढे बाजारात समोरासमोर आल्या की
मावशी बटाट्यांचा भाव विचारायला लागायची.

सिसांडाला मी हे सांगितलं नाही.
बावीस वर्षांची आहे ती.
ठाऊक असेलच; इथं सगळ्यांना ठाऊक असतं.

दुपारी हॅम्बुर्गचं उत्तर आलं:
सुंदर आहे, पण जरा जास्तच.
जास्त काय, ते लिहिलं नव्हतं.
चार्लटन म्हणाला, ती कशी दिसते ते
तूच चार शब्दांत लिहून ठेव, पुढच्या वेळेला लागेल.
मी लिहिलं:
डाव्या भुवईत खाच, लहानपणी कुंपणावरून पडल्याची.
वाक्याआधी हसू येतं.
पायाचा नंबर सात.
डोळ्यांवर दिवा आला तरी मान वळवत नाही.
रंग: येऊन बघा.

चार्लटननं शेवटची ओळ खोडली.
बाकीचं गेलं का, मी विचारलं नाही.

रात्री ब्रश धुताना पेन्सिल सापडेना.
फोनवर सिसांडाचा निरोप होता:
तुझी पेन्सिल माझ्याकडेच राहिली गं.
दोन टॅक्स्या, तो वारा, शेवटची गाठायला तर धावलेही.
पडली नाही.