रॉ फुटेज

शुक्रवार पेठेतल्या माझ्या स्टुडिओत अठ्ठावीस हार्डडिस्क.
पंचगंगा जिन्याच्या चौथ्या पायरीला टेकली त्या रात्री
भाकरीच्या टोपलीत घालून मी त्या माळ्यावर नेल्या,
बायकोच्या साड्यांच्या आधी.
हे ती विसरलीय असं समजू नका.

डिस्कवर स्केचपेननं लिहिलेलं:
"बारसं, कळंबा."
"हळद, लाईट गेलेली."
"नाव विसरलो, जेवण चांगलं होतं."

भाची केतकीनं दिवाळीच्या सुट्टीत
जुन्याच कॉम्प्युटरवर काहीतरी बसवलं.
मामा, आता नावं नकोत, म्हणाली,
दिसलं ते लिही, ऐकलं ते लिही, हे शोधून देईल.
लोकांच्या लेकीबाळी आहेत गं ह्यात, मी म्हणालो.
तिनं नेटची वायर उपसून माझ्या हातात दिली.
म्हणूनच. घरातलं घरात.

सहा रात्री पंखा घरघरत होता.
एकवीस वर्षांची लग्नं
तो एकटा बघत होता, एकही अक्षत न टाकता.

मग गंमत सुरू झाली.
"फेटा" लिहिलं, त्यानं डोक्याला बँडेज बांधलेला पोरगा काढला.
"पांढरा रस्सा" म्हटलं तर चुन्याची बादली.
"रुसलेली वरमाई" मात्र चुकला नाही:
एकशे चौदा.

यास्मीन नदाफ आली ती गुरुवारी, भर दुपारी,
स्कूटीची किल्ली बोटात तशीच.
वडील बँडला होते. दस्तगीर मास्तर, क्लॅरनेट.
जाऊन तीन वर्षं झाली.
"फोटो हायेत. सगळ्यात गाल फुगलेले.
आवाज नाही.
म्हणजे वाद्याचा हाय. त्यांचा नाही."

मी लिहिलं, क्लॅरनेट वाजवणारा माणूस, मिशी.
आधी आला ऊस खाणारा एक पोरगा.
मग मास्तर:
एका वरातीत अर्धे, एकीत नुसतं कोपर,
एकीत घोड्याच्या कानामागं टोपीचा तुरा.
बोलताना कुठंच नाहीत.
बोलणार कधी? ओठांत सदा पत्ती.

"नेहमी काय म्हणायचे ते?"
ती किल्ली फिरवत राहिली.
"दम घे, म्हणायचे. आम्हाला पण.
पाढे म्हणताना. जिना चढताना.
रडायला लागलो तरी."

दम घे, मी टाइप केलं.
पंख्याचा आवाज चढला.
एकच ओळ आली, यंत्रानं आपल्या कानानं लिहिलेली:
"दमगे रे नवरी अजून लाभ आहे."

लावलं.
पडद्यावर घोडा. रिकिबीत नवरदेवाचा नवा बूट.
आणि काठाबाहेरून,
ढोलाच्या दोन थापांमधल्या फटीत:
"दम घे रे. नवरी अजून लांब हाय."

किल्ली थांबली.

त्याला लागूनच दुसरा आवाज,
जाड, घाईतला.
तो ओळखायला मला यंत्र लागलं नाही.
"ओ मास्तर, बाजूला व्हा, फ्रेममधी येताय!"

घोडा पुढं सरकला.
रस्त्यावर जनरेटरची वायर, चुरगळलेला झेंडू,
आणि एक माणूस मावेल एवढी
नीट, स्वच्छ, रिकामी जागा.
ती मीच मागून घेतलेली.

हात आपोआप माउसवर गेला.
आधीचं ठेवायचं, पुढचं उडवायचं,
ह्याच कामाचे पैसे घेत आलोय जन्मभर.
यास्मीननं माझ्या बोटांकडं बघितलं.
"ते कापू नका," म्हणाली.
"त्यात त्यांना मास्तर म्हटलंय कुणीतरी."

कुणीतरी. मी काही बोललो नाही.

तिचा पेनड्राइव्ह बिनटोपणाचा, पर्सच्या तळातला.
फुंकर मारून धूळ उडवली,
आत सरकवला.
तेरा सेकंद. अख्खे.