मधलं वर्तुळ

बेंडकुळे सरांना गोव्याच्या क्लबचा फोन आलाय,
हे मला सरांनी नाही, कँटीनवाल्या निकमनं सांगितलं.
पगार पाचपट. फ्लॅट. शिवाय टीव्हीवर दिसणार.

मी काय बोलणार, मी मैदानावर फक्की मारतो.
एवढं पाहिलंय, की मंगळवारपासून
सराव संपला तरी सर गोलपोस्टला टेकून उभे असतात,
गंगापूर रोडचे दिवे लागेपर्यंत.

सुरगाण्याचा भोये, डाव्या पायाचा,
शेवटची एसटी चुकली की त्यांच्याच हॉलमध्ये झोपतो.
त्यानं विचारलं, सर, जाणार?
सर म्हणाले, आधी लेस बांध.

जावं की माणसानं.
बारा वर्षं जाळी शिवली त्यांनी, सुतळीनं.
पोरं तयार झाली, पुण्याला, बंगळुरूला गेली,
तेव्हा कुणाला अडवलं?
उलट सीबीएसवर सोडायला सरच जायचे,
वडापाव बांधून घेऊन.

आज सकाळी मधलं वर्तुळ आखायचं होतं.
दोरीचं एक टोक नेहमी सर धरतात,
मधोमध, खुंटीसारखे.
आले. टोक धरलं. म्हणाले, चल.
मी फक्की सोडत फिरलो
आणि वर्तुळ जुळेचना,
वीतभर फट राहिली.

दोघांपैकी कोण हललं, कुणास ठाऊक.