फरक तेवढाच

नारिनला एप्रिलातही काच आतून गोठते.
मी लॅपटॉप घेऊन हीटरला चिकटून बसते
आणि ते दोघं एकाच सुरात घुरघुरतात.

धडा सातवा : मेंढी अडली तर.
बारा मिनिटं चाळीस सेकंद, वजन दोन जीबी.
शिकवणाऱ्या सागिनबूबू. सगळा जिल्हा त्यांना एजे म्हणतो, थोरली बहीण,
त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.
बाह्या दंडापर्यंत सारलेल्या,
नखं मुळापर्यंत कापलेली.
(नखं मी जवळून घेतली आहेत, मुद्दाम.)

एका धड्याची चार मापं बेतायची असतात.
बिश्केकच्या हपिसातल्या भिंतभर पडद्याला एक,
शाळेतल्या टॅब्लेटना एक,
बऱ्यापैकी फोनला एक,
आणि एक त्या फोनांसाठी
ज्यांची बॅटरी रबर लावून बांधलेली असते.
कापड तेच.
शेवटच्या मापात एजेंच्या हाताला बोटं उरत नाहीत,
गुलाबी ठोकळे सरकत जातात
राखाडी ठोकळ्यांत.

दाबून बसवायची रीत अशी, की
पहिली फ्रेम सबंध ठेवायची,
मग मागच्यापेक्षा काय बदललं, फरक तेवढाच टिपायचा.
भिंत हलली नाही, भिंत पुन्हा लिहू नये.
बादली हलली नाही.
मेंढीचा कान हलला, कान लिहावा.

चौथ्या मिनिटाला एजे हात आत घालतात
आणि थांबतात.
नजर मेंढीवर नाही, कॅमेऱ्यावर नाही,
कुठेतरी छपराच्या तुळईत.
अकरा सेकंद.
हलत काहीच नाही,
यंत्राच्या खात्यात हे अकरा सेकंद जवळपास फुकट.
मेदेर म्हणाला, कापून टाक,
गप्प बसण्यासाठी कोण डेटा जाळेल?
कापते, म्हटलं.
मग वीज गेली, आणि मी विसरले.

मंगळवारी तोक्तोसूनचा फोन आला, आत-बाशीच्या पलीकडून.
(आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून आईनं हे नाव ठेवलं :
हा तरी थांबो.)
रेंज फक्त टेकडीवर. तिथे चढून त्यानं धडा उतरवून घेतला होता
आणि पळत खाली गोठ्यात आला होता.

"तुझं चित्र दिसलंच नाही."
"म्हणजे?"
"काळं. नुसता आवाज."

माझ्या पोटात गोळा आला.
नवी पद्धत, निम्मं वजन, म्हणून मीच खूश होऊन चढवलेली,
आणि त्याच्या जुन्या फोनला ती भाषाच येत नव्हती.

"मग काय केलंस?"
"काय करणार? फोन टोपीत खोचला, कानापाशी.
दोन्ही हात कामात, बघायला होतंच कोण?
एजे बोलत होत्या तसं करत गेलो.
मध्येच त्या गप्प झाल्या, मला वाटलं फोन मेला.
म्हणून मीही थांबलो, हात तसाच ठेवून.
तेव्हा कळलं, की ज्याला मी डोकं समजत होतो
तो गुडघा होता."

"कोकरू?"
"एक डोळा मिटूनच आहे अजून. पण पितंय.
आणि आठवा धडा उघडतच नाही, तो आधी बघ."

त्या रात्री सगळे धडे मी जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधले.
वजन दुप्पट झालं, मेदेर एक दिवस बोलला नाही.
चार मापांच्या खाली पाचवं माप टाकलं :
चित्र नाही, रंग नाही,
एजेंचा आवाज, बादलीच्या कडीचा आवाज,
आणि ते अकरा सेकंद,
ज्यांत मेंढीचा श्वास ऐकू येतो
हे मला हेडफोन लावल्यावर पहिल्यांदा कळलं.

एजेंना विचारलं, तिथे थांबून नेमकं काय करता,
खाली दोन ओळी लिहू का?
त्यांनी हात टॉवेलला पुसले. पुसतच राहिल्या.
म्हणाल्या, लिही,
इथे बोलू नये.