पाच गुणांचा प्रश्न

सराफ्यात रात्री अकराला, गराडूच्या द्रोणांवर वाकून
आम्ही सहा जणांनी ठरवलं : तेलंगांना उतरवायचं.
एकोणीस वर्षं वाचनालयाची खुर्ची,
राजा लागून गेला का हा?
बोटांना जिरवण लागलेलं. तशीच शपथ घेतली.

रिसबूड म्हणाला, "आधी त्या गेंदालालला काढा."
मी म्हटलं, "शिपाई माणूस. निरोपाचे दोन शब्द बोलू दे,
शोभून दिसेल. आपण काय कसाई आहोत?"

रविवारी, रामबागेत. चौदा विरुद्ध नऊ.
तेलंगांनी चष्मा घरात घातला,
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
आणि पंख्याकडे बघत बसले.

गेंदालाल उठला.
"ये छहों साब भले आदमी हैं," म्हणाला,
आणि पिशवीतून एक मळकं रजिस्टर काढलं.
कुणाची परीक्षा फी, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
सगळं तेलंगांच्या पेन्शनीतून.
नाव एकही वाचलं नाही त्यानं.
नुसती पानं उलटत राहिला.
मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या.

मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून चालत घरी आलो.

छत्तीस वर्षं नववीला रोम शिकवलं मी.
"कटवाल्यांची चूक कोणती?" गुण पाच.
पोरं लिहायची, 'त्यांनी खून केला.'
मी लाल शाईनं खोडायचो :
नाही. त्यांनी दुसऱ्याला बोलू दिलं.

एका पोरीनं लिहिलं होतं,
'गावाला कुणी विचारलंच नव्हतं.'
दीड दिला होता तिला.