वही दोन्हीकडून

शंभर पानी वही, दोन्हीकडून सुरू केलेली.
पुढून फ्रेंच. उलटी धरली की मागून इटालियन.
मध्ये शिवण आहे, तिथे केव्हातरी गाठ पडेल.
तोवर इस्त्रीच्या टेबलाखाली,
निळीच्या डब्याशेजारी तिची जागा.

क्लोदीन म्हणाली, एक आधी पक्की कर,
मग दुसरी. दोन दगडांवर पाय नको.
मी म्हटलं, मादाम,
मांद्र्यात कुणी असं एकेक करून शिकलंय?
मासळीचा भाव कोंकणीत, भावाशी भांडण कोंकणीत,
आरती मराठीत, लग्नाची पत्रिका मराठीत,
पंचायतीचा कागद इंग्रजीत,
आणि पलीकडे मोरजीला गेलं तर
दुकानांच्या पाट्यासुद्धा रशियनमध्ये.
(यातलं बरंचसं मी हातवाऱ्यांनी सांगितलं.
तिने आठ कपडे मोजून दिले.)

पहिला गोंधळ चार अक्षरांचा.
क्लोदीन शर्टाची कॉलर दाखवून म्हणते, साल.
म्हणजे मळका.
तीच चार अक्षरं लूका वाचतो, साले.
म्हणजे मीठ.
टॉवेल थेट समुद्रावरून आलेला.
मी हुंगून पाहिला.
दोघंही खरं बोलत होते.
एकाच बालदीत भिजत घातलं.

फ्रेंचमध्ये समुद्राला मेर म्हणतात.
हे कळलं तेव्हा एकटीच हसले.
आमच्या शेताची मेर हातभर रुंद,
तिच्यापायी बाबा आणि शाबलो शेटगांवकर
नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.
आणि ह्या लोकांकडे तोच शब्द
एवढा मोठा, की पलीकडचं शेत दिसत नाही.
बाबांना सांगायला हवं होतं.
शाबलोला सांगितलं. तो म्हणाला,
मग त्यांच्याकडे मोजणीला कोण येतं?

मागच्या बाजूने बाविसावं पान:
माय. म्हणजे कधीच नाही.
त्यावर तीन वाक्यं करायची होती.
मी कधीच रोमला गेले नाही.
मी कधीच बर्फ पाहिला नाही.
तिसऱ्याला इस्त्री तापली म्हणून उठले.
इस्त्री लावलेलीच नव्हती.
दिवाळीपासून हा शब्द
मी कुणाला हाक मारायला वापरलेला नाही.

इस्त्री हा शब्द पोर्तुगीजांचा, असं सांगतात.
इटालियन स्तिरारे ऐकलं
आणि वाटलं, अगे, तू तर इथलीच निघालीस!
फ्रेंच मात्र वेगळं चालते. रपासे.
कपड्यावरून इस्त्री फिरवणं, रपासे.
झालेला धडा परत गिरवणं, तेही रपासे.
निघायच्या दिवशी क्लोदीन पाठीवर पिशवी घेऊन
दारात उभी राहिली, म्हणाली, ज रपासरे.
मी घाईघाईने म्हटलं, छे छे मादाम,
इस्त्री माझं काम, तुम्ही कशाला!
ती हसत हसत रिक्षात बसली.
रात्री वही उघडली तेव्हा तिसरा अर्थ सापडला:
पुन्हा येईन.

आता सीझन संपला.
शॅकवाल्यांनी झापं उतरवून गाठोडी बांधली.
दोरीवर माझेच दोन गाऊन,
आणि लूकाचा एक मोजा, ज्याचा जोडीदार
बहुतेक आत्तापर्यंत इटलीत पोचला असेल.
समोर कुणी नाही म्हणून
मी चिमट्यांशी बोलते.
लाकडी चिमटे फ्रेंच, प्लास्टिकचे इटालियन.
मध्येच एखादा सुटून पडतो,
तेव्हा तोंडातून जे निघतं ते कोंकणी.

पुढून एकेचाळीस पानं झाली, मागून अडतीस.
मधली कोरी आहेत.
त्यातल्या एकावर परवा घाईत
गुणाबाईच्या पडद्यांचा हिशेब मांडला, मराठीतच.
आज बघते तर आकडे असे:
कात्र, चिंक्वे, सीस, आणि खाली सात.
बेरीज दोनदा केली.
पाच रुपये कमीच येतात.