सातवा रकाना

नान्नजच्या माळावर सहा दहाला
रेणुका म्याकलनं तक्ता हातात दिला,
पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

चंडोल चौदा. धाविक दोन,
तिसरा बहुधा ढेकूळ होता.
काळविटं मोजता मोजता हलली, पुन्हा मोजली.
खोकड एक. कान आधी, मग बाकीचं.

सातव्या रकान्यात माळढोक.

तो मी कोरा सोडला.
दिसलाच नाही तर लिहायचं काय?
ती म्हणाली, कोरा म्हणजे आपण आलोच नव्हतो.
शून्य लिहा. पण आधी बघा.

मग बघितलं.
कुसळीत, तरवडामागं, बांधापलीकडं तुरीत,
काच शर्टानं पुसून परत तिथंच.
ऊन चढलं, माळ पाण्यासारखा हलायला लागला,
तरी बघितलं.

अकरा वर्षं चादरीच्या मागावर होतो मी.
धागा तुटला की आवाजावरून कळायचं,
हात आपोआप दांड्याकडं जायचा.
इथं काहीच थांबलं नाही.
वारा चालू, टिटवी चालू,
मार्डीकडं जाणारी एसटी चालू.

शेळ्या वळणारा एक म्हातारा थांबला.
काय घावलं का?
मग स्वतःच दाखवलं, असा, कमरेएवढा असायचा,
आणि हात तसाच धरून उभा राहिला
कशावरच नाही.

नऊ चाळीसला मी शून्य काढलं.
पेन्सिल बोथट झालेली,
शून्याचं तोंड नीट मिटलं नाही.
गिरवायला गेलो तर रेणुका म्हणाली,
राहू द्या.
वाचता येतंय.