नळीच्या वरच्या टोकाला

विहीर लोटन अण्णांची. साठ हात,
आणि तळाशी पाण्याच्या शोधात आडवी खांदणी,
माणूस रांगत जाईल एवढीच.
आखाजीच्या आदल्या दुपारी तिचं तोंड ढासळलं.
आत भाईदास.

मी मोटारी भरतो. पारोळा रस्त्यावर दुकान,
वॉर्निशच्या वासानं छाती कायम जड.
मला बोलावलं ते उपशाच्या पंपासाठी.
पंप दहा मिनिटांत लागला.
त्यानंतर तिथं थांबायचं मला काही कारण नव्हतं.
मी दोन रात्री थांबलो.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण पुढं मी लोकांबद्दल बोलणार आहे.

लोक आले.
आधी बांधावरून, मग बांध मोडून.
एका गाडीवर तिघं तिघं, बोरीच्या पलीकडून,
माहेरी आलेल्या पोरी, ओल्या मेंदीचे हात
अंगापासून लांब धरून.
गोळेवाला आला. अंधार पडेतो त्याचा लाल रंग संपला,
मग सगळ्यांच्या जिभा पिवळ्या.
"काय व्हयनं?"
जो येई तो हेच विचारी,
आणि ज्याला विचारलं तोही आत्ताच आलेला.

आत एक होता. त्याचे तीन झाले, मग पाच.
झिपरूनं तर पाचांची नावं सांगितली.
राजधर मास्तरांनी वहीत गणित मांडलं:
खांदणी इतकी फूट, हवा इतकी, माणूस एक.
उत्तर कुणाला दाखवलं नाही,
पान फाडून खिशात घातलं.
हिलाल आणि त्याचा भाऊ
कठड्याजवळच्या जागेवरून भांडले,
आणि भांडता भांडता
बांधावरच्या चिंचेपर्यंत मागं गेले.
चिंच कुणाची, हे पहाटेपर्यंत ठरलं नाही.

पोरींनी निंबाचा झोका सोडून दोर आणला.
कुणी मागितला नव्हता.
क्रेनला चांगली लोखंडी तार होती.
दोर तिथंच पडून राहिला, लोक त्यावर बसले.

सकूबाई बाभळीखाली.
एक पोरगा मोबाईल धरून म्हणाला, ताई, इकडं बघा.
तिनं बघितलं.
"तुना फोनमा त्या दिसतस का?"

मध्यरात्री मलब्यातून नळी आत गेली.
ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर हवा ढकलायचा,
दर अर्ध्या तासानं तो बंद करून
कुणीतरी नळीच्या वरच्या टोकाला कान लावायचा.
दुसऱ्या रात्री, तिसऱ्या-चौथ्या खेपेला,
खालून आवाज आला:
"बिडी शे का?"
हजारभर माणूस, पानही हललं नाही.
मग सगळे एकदम हसले,
आणि हसता हसता काही जण बाजूला जाऊन
पाठ करून उभे राहिले.

तिसऱ्या सकाळी तो बादलीतून वर आला,
डोळ्यांवर ओला पंचा.
रेटारेटीत कुणाची तरी चप्पल विहिरीत पडली.
अर्ध्या तासात वावर मोकळं.
राहिला तुडवलेला कांदा,
काड्या, गोळ्याच्या,
आणि दोर.

आता लोक त्याच्या घरी जातात.
काय दिसलं? साप होता का? देव आठवला का?
तो सांगतो, काहीच दिसलं नाही.
मीही गेलो. एकटाच, उशिरानं.

म्हणाला, कॉम्प्रेसर थांबला का तुम्ही सगळे ऐकू यायचे.
दहाचा गोळा पंधराला केला, ते मला खाली कळलं.
माझी पाच नावं कळली.
ते दोघं भाऊ भांडायचे ना,
वाटायचं, यांचं मिटू नये.
मिटलं तर सगळे घरी जातील.
"त्या चिचनं काय व्हयनं?"

मी म्हटलं, तशीच आहे.

मग त्यानं विचारलं,
नळीजवळ रात्रभर एक जण खोकलायचा.
सगळे गप झाले, तरी तो खोकलायचा.
मी तेवढाच धरून बसलो होतो.
कोण होता तो?

छातीत आलेला खोकला मी तिथंच दाबला.
म्हटलं, असेल कुणी.
बघायला आलेला.